प्रलयाची तारीख आली, आता ती तपासायची कशी

प्रलयाच्या बहुतेक भाकितांच्या पोटात एक बेरीज असते. कुठूनतरी धरलेली सुरुवात, त्यात मिळवलेला एखादा पवित्र आकडा आणि उत्तर म्हणून आलेली तारीख. व्हिडिओतले शंखनाद आणि लाल ढग बाजूला सारले की ही बेरीज हाती लागते, आणि ती सोडवायला दहावीचे गणित पुरते. इंदूरच्या मराठी घरात लागणारे निम्मे सामान आधीच असते: भिंतीवर कालनिर्णय, देवघराच्या फळीवर दात्यांचे पंचांग. शिवाय एक दोनशे पानी वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि आकाश दाखवणारे स्टेलेरियम, जे फुकट मिळते.

आधी वही

तारीख खरी की खोटी हे नंतर. ती आधी नोंदवायची. मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, व्हिडिओ असेल तर कितव्या मिनिटाला काय म्हटले ते टिपा आणि वहीत पाच रकाने आखा: मूळ वाक्य जसेच्या तसे, कोण म्हणाले, कोणती तारीख, त्या दिवशी डोळ्यांना काय दिसणार, आणि पाचवा रकाना सध्या कोरा.

चौथा रकाना सगळ्यात त्रास देतो. ‘भूकंप’, ‘समुद्र वर येईल’, ‘तीन दिवस अंधार’ हे लिहिता येते. ‘महापरिवर्तनाचा आरंभ’ लिहिता येत नाही, कारण ते झाले की नाही हे कुणालाच ठरवता येणार नाही. रकाना भरता आला नाही तर मेसेज तिथेच सोडून द्या, पुढची मेहनत वाया जाते.

ही नोंद आधी का? अमेरिकेतला रेडिओ-प्रवचनकार हॅरोल्ड कॅम्पिंग याने २१ मे २०११ साठी स्पष्ट सांगितले होते की देशोदेशी तिथल्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजले की महाभूकंप होईल. सहा वाजले, काही झाले नाही. मग तो म्हणाला की न्यायनिवाडा झाला, पण आत्मिक पातळीवर. जगाचा शेवट २१ ऑक्टोबरला. ज्यांच्याकडे मेआधीचे शब्द लिहिलेले होते त्यांनाच ‘सहा वाजता भूकंप’ आणि ‘आत्मिक निवाडा’ यांतले अंतर दाखवता आले.

बेरीज उलगडणे

भाकितात तीन गोष्टी शोधा: सुरुवात कुठून धरली, मधला आकडा कुठून आला, आणि वर्षे कशी मोजली. उत्तर बरोबर येते का ते स्वतः करून पाहा. पहिला खड्डा इथेच आहे, आणि त्यात मोठमोठे पडले आहेत: इसवी सनाला शून्य वर्ष नाही. ख्रि.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते. म्हणून ख्रिस्तपूर्व वर्ष आणि इसवी वर्ष यांच्यातले अंतर काढताना दोन्हींची बेरीज करून एक वजा करायचा.

विल्यम मिलर हा अमेरिकेतला शेतकरी. बायबलच्या दानिएलाच्या ग्रंथातले २३०० दिवस त्याने २३०० वर्षे मानले आणि मोजणी ख्रि.पू. ४५७ पासून सुरू केली. २३०० वजा ४५७ म्हणजे १८४३. त्याने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ हा काळ जाहीर केला. आता वरचा नियम लावा: ४५७ + १८४३ − १ = २२९९. एक वर्ष कमी पडले. अनुयायांच्याही हे लक्षात आले, मोजणी पुढे सरकली, आणि सॅम्युअल स्नो या प्रचारकाने यहुदी पंचांगातल्या सातव्या महिन्याचा दहावा दिवस धरून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख दिली. गणित सुधारले. जग मात्र २३ ऑक्टोबरलाही होते. या दिवसाला तिकडे ‘महानिराशा’ म्हणतात.

गणित बरोबर असूनही भाकीत फसते, आणि तपासणाऱ्याने चकायचे नाही ते इथे. अमेरिकेतला धर्मप्रचारक चार्ल्स टेझ रसेल याच्या अनुयायांनी बायबलमधून २५२० वर्षांचा काळ काढला आणि ख्रि.पू. ६०७ पासून मोजून १९१४ साल धरले. ती बेरीज पाहा: ६०७ + १९१४ − १ = २५२०. काटेकोर. पण सुरुवात म्हणून धरलेला जेरुसलेमचा पाडाव इतिहासकार ख्रि.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये ठेवतात. पायाच वीस वर्षे सरकला, तर वरचे मजले कितीही सरळ बांधून काय उपयोग? म्हणून वहीत बेरजेशेजारी वेगळी ओळ ठेवा: ‘सुरुवात कुणी ठरवली, आणि ती भाकीत करणाऱ्यांखेरीज आणखी कुणाला मान्य आहे?’

कॅम्पिंगचे गणित तर हाताने करून बघण्यासारखे आहे. ख्रिस्ताला सुळावर दिले तो दिवस त्याने १ एप्रिल ३३ धरला. तिथून १ एप्रिल २०११ पर्यंत १९७८ वर्षे. १९७८ × ३६५.२४२२ = ७,२२,४४९ दिवस. १ एप्रिल ते २१ मे हे ५१ दिवस मिळवा: ७,२२,५००. आता ५ × १० × १७ = ८५०, आणि ८५० चा वर्ग बरोबर ७,२२,५००. पाच म्हणजे प्रायश्चित्त, दहा म्हणजे पूर्णत्व, सतरा म्हणजे स्वर्ग, आणि दोनदा गुणले म्हणजे पक्के. ऐकणारा गार पडतो. पण बोटांवर मोजा: १ एप्रिलपासून २१ मे किती दिवसांनी येतो? पन्नास. एक्कावन्न होतात ते दोन्ही टोकांचे दिवस धरले तर. वरची १९७८ वर्षे मोजताना दोन्ही टोके धरली नव्हती, इथे धरली. तो एक दिवस काढला की उरतात ७,२२,४९९, आणि वर्ग मोडतो. अशा प्रत्येक गणितात कुठे ‘आपल्या सोयीने निवडले’ ते मोजत जा: सुरुवात एक, अर्थ लावलेले आकडे तीन, वर्ग करणे एक, टोके धरणे एक. निवडी जितक्या जास्त, तितके हवे ते उत्तर आणणे सोपे.

आपली कालगणना

आपल्याकडच्या ग्रुपवर मिलर येत नाही, ‘कलियुग संपत आले’ येते. त्याची तपासणी सगळ्यात सोपी, कारण हिशेब पंचांगातच आहे. कलियुग ४,३२,००० वर्षांचे. त्याचा आरंभ ज्योतिषग्रंथांनी ख्रि.पू. ३१०२ च्या १७-१८ फेब्रुवारीची मध्यरात्र असा धरला आहे, आणि मध्यरात्र कुठली तर इथून तासाभरावरच्या उज्जैनच्या रेखावृत्तावरची. पंचांगातल्या शालिवाहन शकात ३१७९ मिळवले की कलियुगाची सरलेली वर्षे मिळतात. शके १९४७ घ्या: ५,१२६ सरली, ४,२६,८७४ बाकी. बरे, कलियुगानंतर प्रलय नव्हे, पुन्हा कृतयुग म्हणजे सत्ययुग येते. सृष्टीचा लय ब्रह्मदेवाच्या दिवसाच्या अखेरीस, आणि तो दिवस चार युगांच्या, ४३,२०,००० वर्षांच्या, एक हजार चौकड्यांचा.

ग्रुपवरच्या काकांना आकडे पटत नसतील तर सत्यनारायणाच्या पूजेची आठवण द्या. गुरुजी संकल्प सोडताना ‘कलियुगे प्रथमचरणे’ म्हणतात आणि काका स्वतः पळीने पाणी सोडतात. पहिला चरण म्हणजे पहिले १,०८,००० वर्षांचे पाऊल. ज्याने तो संकल्प सोडला त्याने युग संपल्याचा व्हिडिओ पुढे पाठवायचा, हे काही जमत नाही.

कलियुग लवकर संपवणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी घसरतात. पुराणात कलियुग १,२०० दिव्य वर्षांचे सांगितले आहे. एक दिव्य वर्ष म्हणजे माणसांची ३६० वर्षे. १,२०० ला ३६० ने गुणायचे राहिले की युग हजारबाराशे वर्षांत आटोपते. मधला आकडा कुठून आला, हे विचारले की असा घोटाळा लगेच सापडतो.

आता खास आपल्या गावची अडचण. इंदुरात एकाच गल्लीत दोन पंचांगे नांदतात. मराठी घरात महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या माळवी घरात पौर्णिमेला. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच, कृष्ण पक्षाचे मात्र एका महिन्याने पुढे. महाशिवरात्र आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी, त्यांच्याकडे फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, आणि दिवस एकच. त्यामुळे हिंदी व्हिडिओत ‘श्रावण अमावस्या’ ऐकून तुम्ही कालनिर्णयात श्रावण उघडलात तर एक महिना चुकाल. ती आपली आषाढी अमावास्या, दिव्याची अवस. वहीत तिथी लिहिताना ‘मराठी’ की ‘हिंदी’ हे शेजारी लिहाच.

बडोद्याच्या नातेवाइकांकडून आलेल्या मेसेजमध्ये संवताचा घोळ असतो. माळव्यात विक्रम संवत चैत्रात बदलतो, गुजरातेत दिवाळीनंतर कार्तिकात. संवत २०८२ आपल्याकडे ३० मार्च २०२५ ला लागला, बडोद्यात २२ ऑक्टोबर २०२५ ला. ‘संवत २०८२ च्या आरंभी’ या शब्दांत जवळजवळ सात महिन्यांचा फरक दडला आहे, आणि भाकीत फसले की हाच फरक पळवाट म्हणून पुढे येतो.

ग्रहयोग

घरातल्या वडीलधाऱ्यांना अष्टग्रहीची आठवण किंवा निदान ऐकीव माहिती असते. फेब्रुवारी १९६२ मध्ये ३ ते ५ तारखेला सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू हे आठ मकर राशीत जमले. देशभर यज्ञयाग झाले, प्रलयाची हवा पसरली. योग खरा होता, गणिताने पडताळता येईल असा. प्रलय झाला नाही. ग्रहयोगाच्या भाकितात म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवायचे: योग होतो का, आणि झाला तर पूर्वी किती वेळा झाला होता.

पहिला प्रश्न स्टेलेरियमवर सुटतो. ठिकाण इंदूर द्या, तारीख द्या, ग्रहावर बोट ठेवा आणि त्या दिवसाचा क्रांतिवृत्तावरचा, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गावरचा, रेखांश वाचा. इथे नवखा हमखास चुकतो: तो आकडा सायन असतो, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेला; आपल्या राशी निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधाराने मोजलेल्या. म्हणून या दोन मोजण्यांतला फरक, म्हणजे अयनांश, वजा करायचा. हल्ली तो साधारण २४ अंश, १९६२ मध्ये सव्वातेवीसच्या किंचित वर. उरलेल्याला ३० ने भागले की रास मिळते, मेष शून्यापासून. पडद्यावर तारकांच्या चित्रात ग्रह कुठल्या आकृतीत बसलेला दिसतो त्यावर जाऊ नका; तारकासमूह लहानमोठे असतात, रास नेहमी ३० अंशांची.

दुसऱ्या प्रश्नासाठी नमुना घेऊ या. भागवताच्या बाराव्या स्कंधात कृतयुगाच्या आरंभाची खूण दिली आहे: चंद्र, सूर्य आणि गुरू पुष्य नक्षत्रासह एका राशीत येतील तेव्हा. ही रास कर्क, आणि पुष्य म्हणजे ९३ अंश २० कला ते १०६ अंश ४० कला. ऐकायला दुर्मीळ वाटते. पण गुरू दर बारा वर्षांनी कर्केत वर्षभर राहतो, सूर्य दरवर्षी महिनाभर तिथे असतो आणि त्या महिन्यात अमावास्या येतेच. २६-२७ जुलै २०१४ च्या रात्री मांडून बघा: गुरू सुमारे १२२ अंश, वजा २४, उरले ९८, सूर्य-चंद्र सुमारे १२४, वजा २४, उरले १००. तिघेही पुष्यात, अगदी शब्दाबरहुकूम. आपल्या घरात त्या दिवशी कणकेचे दिवे उकडले, शेजारी हरियाली अमावस झाली, दुसऱ्या दिवशी सराफ्यात गिऱ्हाइकी होतीच.

सरावासाठी १२ ऑगस्ट २०२६ ची आषाढ अमावास्या घ्या. खग्रास सूर्यग्रहण, पण स्पेन-आइसलँडकडचे. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात, म्हणजे दिसायचा प्रश्नच नाही. गुरू, सूर्य, चंद्र तिघेही कर्केत. गुरू पुष्यात, सूर्य-चंद्र मात्र पुढच्या आश्लेषात. भाकीत करणारा ‘एक रास’ सांगेल आणि नक्षत्राविषयी चूप राहील. तुम्ही आकडे काढलेले असले की ते चटकन दिसते.

‘ग्रहांची ओढ एकवटते’ असा शास्त्रीय थाटाचा युक्तिवाद आला तर एवढेच: भरती-ओहोटीची ओढ अंतराच्या घनाने कमी होते. शुक्र सगळ्यात जवळ आला तरी त्याची ही ओढ चंद्राच्या दहा हजाराव्या भागाइतकीही भरत नाही. आणि मंगळ, गुरू, शनी सूर्याजवळ गोळा झालेले दिसतात तेव्हा ते सूर्याच्या पलीकडे, म्हणजे आपल्यापासून जास्त लांब असतात.

अक्षरांचे अंक

मिखाएल श्टिफेल हा जर्मन पाद्री पुढे नावाजलेला गणिती झाला. त्याआधी त्याने बायबलमधल्या एका लॅटिन वाक्यातली रोमन अंकांची अक्षरे तेवढी उचलली: एक एम म्हणजे १०००, एक डी म्हणजे ५००, एक एक्स म्हणजे १०, चार व्ही म्हणजे २०, तीन आय म्हणजे ३. बेरीज १५३३. त्याने १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी आठ अशी वेळ दिली. गावकरी जमले, आठ वाजले, आणि श्टिफेलला काही काळ कोठडीत जावे लागले.

ही पद्धत किती लवचिक आहे ते कळण्यासाठी आपली कटपयादी वापरा. क, ट, प, य यांपासून प्रत्येक वर्गाची अक्षरे एक, दोन, तीन अशी मोजायची आणि आलेले अंक उलटे लिहायचे. ‘राजवाडा’ घ्या: र २, ज ८, व ४, ड ३. उलटे लिहिले की ३४८२. झाले, इ.स. ३४८२ ला राजवाड्यासमोर प्रलय! ‘पोहे’ घेतले तर ८१. मेसेजमध्ये अक्षरांतून तारीख काढली असेल तर त्याच पद्धतीने घरातल्या पाच शब्दांच्या तारखा काढून ग्रुपवर टाका. वाद घालण्यापेक्षा हे लवकर पोचते.

ओडिया ‘मालिका’ म्हणजे भविष्य सांगणाऱ्या जुन्या पोथ्या; त्यांच्या नावाने फिरणाऱ्या हिंदी व्हिडिओंना गणित नसते, ओवी असते. तिथे एकच मागणी धरून बसा: मूळ ओडिया ओळ, ती कुठल्या पोथीत आहे आणि त्या ओळीत वर्षाचा उल्लेख आहे का. वर्ष बहुधा निवेदकाच्या तोंडी सापडते.

तारीख उलटल्यावर

आता पाचवा रकाना. काही घडले नाही की पुढच्या आठवड्यात चारपैकी एक उत्तर येते; आधीच वहीच्या कडेला लिहून ठेवा आणि आलेल्यावर खूण करा. पहिले, हिशेब चुकला, नवी तारीख घ्या: मिलरवाले. दुसरे, घडले पण अदृश्यपणे: मेमधला कॅम्पिंग, १८४४ नंतरचे काही मिलरवाले आणि १९१४ वालेही. तिसरे, प्रार्थनेने टळले: १९६२ चे यज्ञ, किंवा शिकागोजवळचा तो छोटा गट, ज्याने २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार म्हणून रात्र जागवली आणि पहाटे ‘आपल्या प्रकाशामुळे जग वाचले’ असा संदेश मिळाल्याचे सांगितले. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरचे सहकारी त्या गटात बसून हे टिपत होते. आधी वार्ताहरांना टाळणारी मंडळी त्यानंतर आपणहून फोन करू लागली. चौथे उत्तर म्हणजे गप्प बसणे, आणि आपल्या ग्रुपवर हेच जास्त चालते. कॅम्पिंगने मार्च २०१२ मध्ये चूक कबूल केली. असे पाचवे उत्तर क्वचित मिळते, मिळाले तर तेही आदराने नोंदवा.

घरात

आजोबांना ग्रुपवर सगळ्यांसमोर खोटे पाडू नका. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि ‘आजोबा, हा शक मिळवून बघता का’ म्हणून पंचांग त्यांच्याच हातात द्या. पंचांग त्यांना तुमच्यापेक्षा चांगले वाचता येते, बेरीज त्यांनी केली की उत्तर त्यांचे होते.

पैशाबाबत मात्र नरमाई नको. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने आयुष्याची पुंजी, १,४०,००० डॉलर, इशाऱ्याच्या जाहिरातींवर घातली. मुदत ठेव मोडणे, दागिना विकणे, नोकरीचा राजीनामा, औषध बंद करणे: यांतले काहीही त्या तारखेच्या भरवशावर करायचे नाही, हे घरात आधीच ठरवून टाका. रक्षाकवच किंवा अनुष्ठानासाठी क्यूआर कोड आला असेल आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पळते. मुले झोपत नसतील तर त्यांना आकडे शिकवत बसू नका. व्हिडिओ बंद करा आणि त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाचे काहीतरी त्यांच्या देखत ठरवा: छप्पन दुकानला जाणे, मामाकडे राहायला जाणे. भीती आठवडाभर उतरलीच नाही तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे फुकट बोलता येते, मोठ्यांनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्या रकान्यात काय झाले ते एका ओळीत लिहा, तारीख घाला, घरातल्या दोघांच्या सह्या घ्या. त्याच पानावर खाली चार बोटे जागा मोकळी सोडा. मिलरवाल्यांची ऑक्टोबरची तारीख सात महिन्यांनी आली होती, कॅम्पिंगची पाच महिन्यांनी.